पाच वर्षं, दोन पदव्या आणि ताईंचा एका पानाचा तक्ता : एक आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण तुम्ही आखलेला तो एका पानाचा तक्ता आता अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत पोचला आहे. एक्सरसाइज सायन्सची (व्यायामशास्त्राची) बीएस ही पदवी आणि सार्वजनिक आरोग्याची एमपीएच ही पदव्युत्तर पदवी जोडून पाच वर्षांत करायची म्हटलं की आईवडील पहिला प्रश्न ठरलेला विचारतात : "म्हणजे एक वर्ष वाचतं ना?" तुम्ही त्यावर हो किंवा नाही म्हणायच्या आधी कोरा कागद पुढे ओढता. त्या सवयीबद्दल मनापासून आभार. नुसतं धन्यवाद म्हणून ते फिटणार नाहीत, म्हणून तुम्ही काय काय समजावलंत ते जसंच्या तसं इथे मांडतो. पुढच्यांना उपयोगी पडेल.

तक्त्याला चारच रकाने : विषय, क्रेडिट (म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं वजन), बीएसमध्ये कुठे बसतो, एमपीएचमध्ये कुठे बसतो. शेवटचे दोन्ही रकाने ज्या ओळीत भरले, ती ओळ सामायिक. बीएसला साधारण १२० क्रेडिट लागतात. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीईपीएचच्या नियमाप्रमाणे एमपीएचला किमान ४२. बेरीज १६२. सामायिक १२ मिळाले तर एकूण १५० उरतात, म्हणजे पाच वर्षांत दरवर्षी ३०. कागदावर छान दिसतं. पण त्याच कागदाच्या खाली तुम्ही पाचवं वर्ष वेगळं मांडून दाखवता : पहिल्या सेमिस्टरला १२, दुसऱ्याला १२, उन्हाळ्यात ६. पदव्युत्तर पातळीवर बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिटलाच पूर्णवेळ मानतात, तेव्हा १२ म्हणजे काय हे ज्याचं त्याने ओळखावं. आणि सामायिक फक्त ६ असतील तर ३६ उरतात, ते एका वर्षात मावत नाहीत. वाचतात ती सामायिक क्रेडिटं. बाकीचं काम कुठेही जात नाही, ते पाचव्या वर्षात दाटीवाटीने बसतं. हे आधी कळलं म्हणून कित्येकांनी साडेपाच वर्षांचा बेत मोकळ्या मनाने स्वीकारला.

सामायिक ओळी कुठून काढायच्या, यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ देता आणि ते योग्यच आहे. ॲनाटमी, एक्सरसाइज फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं यांत्रिकी) या विषयांना हात लावता येत नाही. त्यांच्याशिवाय ती बीएस राहतच नाही. सामायिक विषय बसतात ते ऐच्छिक जागांवर. आणि नेमकी इथेच आपली हुशार मुलं अडतात. शाळेत असतानाच एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा देऊन वीस-पंचवीस क्रेडिट घेऊन आलेली असतात, आणि त्यांतली बरीच ऐच्छिक जागांवर जाऊन बसलेली असतात. चौथ्या वर्षी एपिडेमिऑलॉजी (लोकसमूहांत आजार कसे आणि का पसरतात त्याचं शास्त्र) घ्यायला जावं तर बीएसच्या बाजूला रकानाच रिकामा नाही! विषय घेता येतो, पण तो एकाच पदवीत मोजला जातो. म्हणून दुसऱ्या वर्षीच डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीचं काय झालं आणि काय उरलं याचा हिशेब, काढा, चार ऐच्छिक जागा राखून ठेवा, आणि एपीचं कुठलं क्रेडिट कुठे लावलं आहे ते रजिस्ट्रारकडून लेखी घ्या, हा तुमचा आग्रह. जोड अभ्यासक्रमाचा अर्ज तिसऱ्या वर्षी करायचा असतो. तोवर थांबलं तर उशीर झालेला असतो.

श्रेणीचा मुद्दाही तसाच. सामायिक विषयात बी मायनस पडला तर बीएसला तो बहुतेक ठिकाणी चालतो, पण एमपीएचला अनेक विद्यापीठं बीच्या खाली क्रेडिट मोजत नाहीत. ओळ अर्धी तुटते आणि तीन क्रेडिट पाचव्या वर्षावर येऊन पडतात. त्यामुळे चौथ्या वर्षाच्या एकाच सेमिस्टरला दोनपेक्षा जास्त पदव्युत्तर विषय घेऊ नका, आणि ज्या सेमिस्टरला पूर्णवेळ इंटर्नशिप आहे तिथे एकही नको. मध्येच विद्यापीठ बदलायचं ठरलं तर बीएसमध्ये मोजलेली क्रेडिटं दुसरं विद्यापीठ एमपीएचसाठी बहुधा घेणार नाही, हेही तुम्ही न विसरता सांगता. बाकी कुणी सांगत नाही.

पण ताई, क्रेडिटांच्या पलीकडचं ऋण मोठं आहे. हे दोन विषय मुळात शेजारी का बसतात, हे तुमच्याकडून कळलं. तुम्ही सुरुवात करता लंडनच्या बसपासून. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दिवसभर बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. एक्सरसाइज सायन्सचा विद्यार्थी इथे खूश होऊन थांबतो. तुम्ही त्याला थांबू देत नाही. तीन वर्षांनी, १९५६ साली, त्याच मंडळींनी गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेचं माप कंडक्टरांपेक्षा मोठं होतंच, आणि तरुण वयातही होतं. मग जिन्यांनी हृदय राखलं, की मुळात सडसडीत माणसंच कंडक्टर झाली? गोंधळात टाकणारा तिसरा घटक म्हणजे काय, हे पाटलोणींच्या मापांतून जितकं पक्कं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही. पुढे हाच प्रश्न घेऊन राल्फ पॅफेनबर्गर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांकडे गेले. स्टीव्हन ब्लेअर तर लोकांना काय करता ते विचारण्यावर थांबले नाहीत, त्यांना ट्रेडमिलवर चढवून त्यांचा दम मोजला आणि पुढे कोण किती जगलं ते पाहिलं. ब्लेअर नंतर ज्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात होते, तिथे एक्सरसाइज सायन्सचा विभाग सार्वजनिक आरोग्याच्या स्कूलमध्येच आहे. विद्यापीठ निवडताना विभाग कुठल्या छताखाली आहे ते बघा असं तुम्ही सांगता ते यासाठी. छत एक असलं की सामायिक ओळींसाठी दोन डीनच्या सह्या लागत नाहीत.

मेटचं (विश्रांतीच्या मानाने श्रमाला किती पट ऊर्जा लागते त्या मापाचं) तुमचं उदाहरण आम्ही आता जसंच्या तसं वापरतो. ताशी ४.८ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ८० मीटर सपाट चालणं. ८० गुणिले ०.१ म्हणजे ८, त्यात विश्रांतीचे ३.५ मिळवले की ११.५ मिलिलिटर ऑक्सिजन, दर किलोला, दर मिनिटाला. त्याला ३.५ ने भागलं की ३.३ मेट. हे प्रयोगशाळेतलं गणित. आता आयपॅक ही, लोकांना त्यांच्या शारीरिक हालचालींबद्दल विचारणारी प्रश्नावली उघडा. चालण्याला तिथे ३.३ हाच आकडा आहे, मध्यम श्रमाला ४, जोरदार श्रमाला ८. एकाच आकड्याच्या एका टोकाला ऑक्सिजन मोजणारा मुखवटा लावून चालणारा माणूस आहे आणि दुसऱ्या टोकाला एक अख्खं शहर. आठवड्यात पाच दिवस तीस मिनिटं चाललं की ४९५ मेट-मिनिटं. पण किराणा दुकानदार "दिवसाला चार तास चालतो" असं सांगतो तेव्हा तो बराचसा काउंटरमागे उभा असतो. म्हणून गुण देताना प्रत्येक प्रकार दिवसाला १८० मिनिटांवर छाटतात. हा नियम पाठ करणारे पुष्कळ. तो का आहे, ते पायाचे स्नायू शिकलेल्याला लगेच कळतं.

कमरेला बांधायच्या ॲक्सेलरोमीटरचंही, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या यंत्राचंही, तेच. सलग ६० मिनिटं शून्य आलं की यंत्र काढून ठेवलं होतं असं धरायचं, दिवसाला किमान १० तास घातलेलं असेल तर तो दिवस ग्राह्य, आणि असे किमान चार दिवस हवेत. पद्धत रूढ आहे. पण खुर्चीत पेपर वाचत बसलेले आजोबा आणि फडताळात ठेवलेलं यंत्र, दोन्हींची नोंद सारखीच दिसते. जागच्या सायकलवर घाम गाळणाऱ्याचंही कमरेवरचं यंत्र फारसं हलत नाही. ज्याला बायोमेकॅनिक्स येतं त्याला ही चूक दिसते, ज्याला एपिडेमिऑलॉजी येते त्याला ती निष्कर्ष कुठल्या दिशेला ओढेल ते दिसतं. दोन्ही एकाच डोक्यात असावं, एवढ्यासाठीच हा जोड अभ्यासक्रम, असं तुमचं म्हणणं. आमचंही आता तेच झालं आहे.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाबद्दल, म्हणजे एपीईबद्दल, तुम्ही एक गैरसमज पुसलात. बीएसच्या इंटर्नशिपचे तास तिथे चालत नाहीत, ते काम एमपीएचचं म्हणून वेगळंच करावं लागतं. सीईपीएच तास मोजत नाही (ते विद्यापीठ ठरवतं), ती मागते किमान दोन कामाच्या वस्तू, ज्यांतून किमान पाच क्षमता दिसतील आणि त्यांतल्या किमान तीन तिने ठरवलेल्या बावीस पायाभूत क्षमतांपैकी असतील. म्हणजे संस्थेला खरोखर वापरता येईल असं काहीतरी. ज्येष्ठांच्या केंद्रात पडणं टाळण्याचा वर्ग चालतो, तिथलं तुमचं उदाहरण घ्या. खुर्ची १७ इंच उंचीची, हात छातीवर दुमडलेले, ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं. हाताचा आधार घेतला की नोंद शून्य. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून दहा फूट चालून परत बसण्याची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. इथपर्यंत एक्सरसाइज सायन्स. आता समजा चाळीस जणांनी सुरुवात केली आणि बारा आठवड्यांनी चोवीस उरले. उरलेल्यांची सरासरी वाढलेली दिसणारच, कारण गुडघे दुखणारे आधीच गळाले. मूल्यमापनाचा जो अहवाल गळालेल्या सोळा जणांबद्दल बोलत नाही, तो तुम्ही परत पाठवता. हे सोळा जण कोण, कुठल्या बसने यायचे, वर्ग किती वाजता होता? एपीईची पहिली वस्तू असा अहवाल, दुसरी वस्तू वर्ग घेणाऱ्यांसाठी चाचण्यांची पुस्तिका. विद्यार्थी गेल्यावरही पुस्तिका केंद्रातच राहते.

पैशाचं थोडक्यात. बीएसची पदवी हातात पडली की पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, संपते. चौथ्या वर्षी जी पदव्युत्तर क्रेडिटं सामायिक नाहीत, ती पदवीपूर्व मदतीसाठी मोजली जात नाहीत. १५ क्रेडिटांपैकी ६ अशी निघाली तर उरतात ९, आणि पूर्णवेळ म्हणजे १२, म्हणजे मदतीच्या हिशेबात तो विद्यार्थी पूर्णवेळ राहत नाही. पाचव्या वर्षासाठी फेडरल अनसब्सिडाइज्ड (शिकत असतानाही व्याज चढणारं) कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. म्हणून बीएसची पदवी चौथ्या वर्षाअखेर बहाल होते की पाचव्याच्या शेवटी दोन्ही एकदम, हा प्रश्न प्रवेशाआधी विचारायचा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांसाठी तुम्ही तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिता, तेही इथे देतो. ओपीटी, म्हणजे पदवीच्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी, प्रत्येक पातळीला एकदाच. थेट एमपीएचमध्ये गेलं की बीएसची ओपीटी मागे राहते, पुढे जाऊन ती घेता येत नाही. विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या आय-२० या कागदावर विषयाचा कोणता सीआयपी (सरकारी वर्गीकरणाचा) क्रमांक आहे ते बघा : ५१.२२०१, म्हणजे सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्य, स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, तर २६.१३०९, म्हणजे एपिडेमिऑलॉजी, आहे. ओपीटीच्या चोवीस महिन्यांच्या मुदतवाढीचा फरक या एका क्रमांकाने पडतो. आणि एपीई कॅम्पसबाहेर असेल तर बिनपगारी असली तरी पहिल्या दिवसाआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन सीपीटीचं, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीचं, विचारायचं, नंतर नाही.

महाराष्ट्रातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून येणाऱ्यांनाही तुम्ही कधी परतवलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. साडेचार वर्षांची पदवी आधीच हातात असल्यामुळे हा जोड अभ्यासक्रम त्यांच्यासाठी नाही, त्यांनी सोफास या सामायिक अर्ज-सेवेतून सरळ एमपीएचला अर्ज करावा आणि परदेशी गुणपत्रकं तपासणाऱ्या डब्ल्यूईएसकडून मूल्यांकन आधीच मागवावं, हे तुम्ही शांतपणे समजावता. क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट व्हायचं असलेल्यांना एमपीएचमुळे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे १,२०० तास कमी होत नाहीत हेही, आणि आरोग्यशिक्षकांच्या सीएचईएस या प्रमाणपत्र परीक्षेला बसायचं तर आरोग्यशिक्षणाची २५ क्रेडिटं ट्रान्सक्रिप्टवर दिसली पाहिजेत हेही. यासाठी तुमच्या तक्त्याला आम्ही पाचवा रकाना जोडला आहे : 'कुठल्या प्रमाणपत्राला चालतो'. नवी प्रत सोबत आहे. कुठे चुकलं असेल तर नेहमीसारखी लाल पेनाने खूण करून परत पाठवा. सातव्या ओळीतली बायोस्टॅटिस्टिक्स दोन्हीकडे धरली आहे, ती एकदा बघाच.

कळावे, लोभ असावा.

आपले,
तुमच्या तक्त्यावरून वाट शोधलेले आणि आता तो पुढे देणारे आम्ही सगळे