टीडीएस कापला म्हणजे हिशेब मिटला, असे नव्हे

महोदय,

व्याख्यानाच्या मानधनातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापून घेतला, मग तेच मानधन पुन्हा आयकर रिटर्नमध्ये कशाला दाखवायचे, असा सवाल एका निवृत्त वाचकाने आपल्या पत्रांच्या सदरात केला आहे. त्यांचा वैताग मला कळतो. मीही त्यातून गेलो आहे.

कराडजवळच्या एका अनुदानित शाळेत मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. पोरांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवले, पण पैसे घेऊन चित्र काढले ते आयुष्यात एकदाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पतसंस्थेचा सुवर्णमहोत्सव होता आणि त्यांना संस्थापकांचे तैलचित्र हवे होते. फोटो मिळाला तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, निम्मे कपाळ फेट्याखाली. दीड महिना त्या कपाळाशी झटलो. ठरले होते ६०,००० रुपये, खात्यात आले ५४,०००. विचारले तर तिथला कारकून म्हणाला, "सर, टीडीएस. तुमच्या पॅनकार्डाचा फोटो घेतला होता की मी." मला वाटले होते, तो केवायसीसाठी!

रिटर्न मी दरवर्षी घरीच भरतो. पेन्शन आणि ठेवींचे व्याज एवढ्याला 'सहज' (आयटीआर-१) हा रिटर्नचा साधा फॉर्म पुरतो. त्यातच 'इतर स्रोतांतून उत्पन्न' या रकान्यात पासबुकात दिसत होते तेवढे ५४,००० लिहून मोकळा झालो. चूक तिथेच झाली. कापलेले सहा हजारही माझीच कमाई, फक्त ते माझ्या नावाने सरकारकडे आधी पोचलेले. २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, ६०,००० आणि माझ्याकडे ५४,०००. तफावतीचा मेल आला तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. पत्रलेखकांनी तर काहीच दाखवले नाही, तर त्यांचा टीडीएस तरी त्यांना परत कसा मिळायचा?

मग एका करसल्लागाराकडे गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "सर, व्यवसाय दाखवू, निम्म्याच रकमेवर कर लागेल." अरे, एका चित्राने मी व्यावसायिक कसा होईन? वर्षानुवर्षे ऑर्डरी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. शेवटी त्याच्या साहेबांनी मान डोलावली, इतर स्रोतच बरोबर.

त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली, ती कुणी आपणहून सांगत नाही. ते उत्पन्न मिळवण्यासाठी झालेला खर्च १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५७ खाली वजा करता येतो, पण 'सहज'मध्ये नाही. तिथे या कलमाखाली फक्त कुटुंब निवृत्तिवेतनाची वजावट चालते. खर्च दाखवायचा तर आयटीआर-२ भरावा लागतो. रंग, कॅनव्हास मिळून ५,२८० आणि फ्रेमचे ४,६०० एवढ्याच पावत्या माझ्याकडे होत्या. टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाची पावती मी कधी मागितलीच नव्हती, ते पैसे सोडून दिले. मुदतीत, म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ च्या आत, सुधारित रिटर्न भरले. ६०,००० जमा, ९,८८० खर्च, उरले ५०,१२०. पेन्शन आणि व्याज धरूनही नव्या करप्रणालीत त्या वर्षी माझे करपात्र उत्पन्न सात लाखांच्या आतच राहिले, त्यामुळे कर शून्य. कापलेले सहा हजार पूर्ण परत आले. चित्र लपवले असते तर तेवढ्यालाच मुकलो असतो.

माझी खरी तक्रार पैसे देणाऱ्यांबद्दल आहे. टीडीएस कापणाऱ्याने १६ए, म्हणजे किती कर कापला याचे प्रमाणपत्र, द्यायचे असते. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे १५ जूनपर्यंत. मी तीन खेपा घातल्या. "एवढ्याशा रकमेला कशाला हवंय, सर?" हे उत्तर दोनदा मिळाले, तिसऱ्यांदा प्रिंटर बंद होता. व्याख्यानमाला, स्मरणिका, संमेलने यांतून आमच्यासारख्यांना वर्षा-दोन वर्षांत एखादे पाकीट मिळते. त्या पाकिटात किती ठरले, किती कापले, याची चार ओळींची चिठ्ठी घालायला काय हरकत आहे? शाल-श्रीफळ तर न विसरता देतात! आणि माझ्यासारख्या पेन्शनरांनीही रिटर्नला बसण्याआधी पासबुक बाजूला ठेवून २६एएस उघडावे.

१६ए अजून आलेले नाही. परवा मात्र पतसंस्थेचे अध्यक्ष स्वतः घरी आले. संस्थापकांच्या पत्नीचेही तैलचित्र हवे आहे म्हणाले, तेवढ्याच मापाचे, जोडीने लावायला. मी अजून होकार दिलेला नाही. दुसरे काढले, तर 'एकदाच काढले' असे त्या करसल्लागाराला कोणत्या तोंडाने सांगू?

— एक निवृत्त कलाशिक्षक, कराड