यंत्रांना आधी नावे द्यायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) देखभाल विभागाच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आपण मानधन घेतले नाहीत आणि सत्कारालाही साफ नकार दिलात. तेव्हा आपण आमच्यासाठी नेमके काय केलेत, ते निदान चारचौघांत सांगावे, या हेतूने पत्र उघड लिहिले आहे. देखभालीचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, अशी विचारणा आसपासच्या कारखान्यांतून मला अधूनमधून होते आणि दर वेळी मी आपलेच म्हणणे आपले नाव न घेता सांगत आलो आहे, हेही या निमित्ताने कबूल करतो.

खरे तर आम्हाला सॉफ्टवेअर हवे होते ते ऑडिटसाठी. वाहन उद्योगाला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुरवायचे म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे त्या उद्योगाचे गुणवत्ता मानक आले, आणि त्याच्या ८.५.१.५ या कलमात ओईई (यंत्रांची एकूण परिणामकारकता), एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ), एमटीटीआर (दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ) आणि ठरलेल्या पीएमचे, म्हणजे बिघाडाआधीच करायच्या देखभालीचे, पालन या गोष्टी आल्या. आमच्याकडे प्रत्येक यंत्राच्या बिघाड-दुरुस्तीची हिस्टरी कार्डे होती, परंतु वर्षभराच्या नोंदी ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेल्या असत. त्यांतले एक कार्ड आपण उजेडाकडे धरून पाहिलेत आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिलेत. आपण रागावला असतात तर मला बरे वाटले असते. नंतर चहा घेताना एवढेच म्हणालात, की मानक आकडे मागते, सॉफ्टवेअर विकत घ्या असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

तीन कंपन्यांची सादरीकरणे आपण शांतपणे पाहिलीत. मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख सरकत होते आणि आमचे व्यवस्थापन जवळजवळ होकार देण्याच्या बेतात होते. तेवढ्यात आपण सँड प्लँटवरच्या, म्हणजे साच्यांची वाळू तयार होते तिथल्या, फिटरला जसा आहे तसा बोलावून घेतलेत, विक्री प्रतिनिधीचा फोन त्याच्या हातात दिलात आणि बेल्ट तुटल्याची तक्रार नोंदवायला सांगितलीत. हाताला ग्रीस आणि बेंटोनाइटचा (वाळूत मिसळायच्या चिकणमातीचा) थर असलेल्या त्या माणसाने चार-पाच वेळा पडदा घासून पाहिला आणि म्हणाला, “सायेब, बोटच लागंना हितं.” बोट पुसून दिल्यावर पुढे अकरा रकाने निघाले. आपण ते मोठ्याने मोजलेत आणि रात्री दोन वाजता, भट्टीत धातू तयार असताना, हे अकरा रकाने कोण भरणार, असे विचारलेत. खोलीतल्या कोणाकडेही उत्तर नव्हते.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. उद्या आम्ही तुमचे सॉफ्टवेअर बंद केले, तर आमच्या यंत्रांचा इतिहास एक्सेलमध्ये जसाच्या तसा परत मिळेल का, असे आपण तिघांनाही विचारलेत. एकाने लगेच करून दाखवले, दुसऱ्याने त्याचे वेगळे पैसे पडतील असे सांगितले आणि तिसऱ्याने विषय बदलला. निवड तिथेच झाली. दरडोई लायसन्सच्या खर्चाचा हिशेबही आपणच मांडून दाखवलात, कारण दहा जणांपुरती लायसन्स घेतली की फिटर तोंडी सांगतात आणि शिफ्ट इन्चार्ज दुसऱ्या दिवशी आठवून भरतो.

करार झाल्यावर मात्र आपण दीड महिना आम्हाला एकही नोंद करू दिली नाहीत. तेव्हा ते मला अवघड गेले. व्यवस्थापन रोज विचारत होते आणि मी रंगाचे डबे घेऊन यंत्रांवर क्रमांक घालत फिरत होतो. त्याचा अर्थ बकेट एलिव्हेटरमुळे, म्हणजे बेल्टवरच्या बादल्यांनी वाळू वर नेणाऱ्या यंत्रामुळे, कळला. जुन्या स्लिपांमध्ये तोच एलिव्हेटर कुठे ‘सँड लिफ्ट’, कुठे ‘बकेट’, तर कुठे ‘मिक्सरमागचा बेल्ट’ या नावाने नोंदलेला होता. सगळ्या स्लिपा एका क्रमांकाखाली आणल्यावर दिसले, की तीन महिन्यांत बेल्ट सात वेळा घसरला होता आणि दर वेळी फिटरने तो ताणून चालू करून दिला होता. त्याच काळात स्टोअरमधून त्याच यंत्रासाठी बेअरिंग दोनदा गेले होते. वरच्या पुलीचे रबरी लॅगिंग (आवरण) झिजून गुळगुळीत झाले होते, त्यामुळे बेल्ट घसरत होता. तो ताणला की भार बेअरिंगवर जात होता. लॅगिंग नवे केले आणि ते दुखणे थांबले. हे कळायला सॉफ्टवेअर लागले नाही, एक रंगाचा डबा पुरला, असे आमचे वायरमन अजून हसून सांगतात.

पीएमच्या बाबतीत आम्ही आपले ऐकले नाही, हेही लिहिले पाहिजे. सगळी कामे महिन्याच्या एक तारखेला लावली आणि पहिल्याच महिन्यात शंभराहून अधिक कामे एकदम पडली. दोन दिवसांत सगळ्यांपुढे ‘पूर्ण’ अशी खूण आली, आणि त्यांतली निम्मी कामे कोणी हातही न लावता झाली होती. आपण मग कॉम्प्रेसरची कामे चालू तासांवर आणि इंडक्शन (विजेवरच्या) भट्टीच्या लायनिंगची, म्हणजे आतल्या अस्तराची, तपासणी हीटच्या (धातू वितळवण्याच्या फेऱ्यांच्या) संख्येवर बांधून दिलीत. ईओटी क्रेनची (छताखाली रुळांवर फिरणाऱ्या विजेच्या क्रेनची) वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून होणारी तपासणी तेवढी तारखेवर ठेवलीत, कारण ती कायद्यातली मुदत आहे. साखर कारखान्यात हंगाम संपला की सगळे उघडता येते, तुमच्याकडे ऑफ सीझन नाही, म्हणून तुम्ही कामे वाटून घ्या, हे आपले वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले आहे. एमटीटीआरचा आकडा मात्र त्या फळ्यावर लावू दिला नाहीत. तो लावला की फिटर यंत्र सुरू होण्याआधीच दुरुस्ती पूर्ण झाल्याचे दाखवतील, असे आपण म्हणालात, आणि आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात नेमके तेच झाल्याचे पुढे कानावर आले.

२०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, तेव्हा आमचे सर्वांत जुने फिटर गावी अडकले होते. पूर ओसरल्यावर भट्टीच्या थंड पाण्याचा पंप सुरू करताना त्याला कोणते सील बसते, हे शोधण्यात आमचा एक दिवस गेला, कारण ते फक्त त्यांच्या डोक्यात होते. ते पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. आपल्या सूचनेप्रमाणे दर शनिवारी दुपारी एक शिकाऊ मुलगा त्यांच्याजवळ बसतो आणि ते बोलतील तसे यंत्रागणिक नोंदवून घेतो. काही वाक्ये छापण्याजोगी नसतात, पण आम्ही तीही ठेवली आहेत.

स्टोअरमधल्या सुट्या भागांची किमान पातळी अद्याप भरायची राहिली आहे आणि नॉकआउटची (साचे फोडून कास्टिंग बाहेर काढण्याच्या विभागाची) रात्रपाळी तक्रारी अजूनही खडूने खांबावरच लिहिते. तक्रारीचे रकाने मात्र आता तीन आहेत. पुढच्या महिन्यात आपण याल तेव्हा त्याच फिटरकडे फोन देऊन पाहावा, ही विनंती. त्याने त्यासाठी खिशात एक स्वच्छ फडके बाळगले आहे.

आपला नम्र,
देखभाल विभाग प्रमुख