भजनं पाठ करून घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. नाताळच्या पुरवणीत यंदाही केक, चांदणी आणि लाल टोपीतला म्हातारा पाहिला. तक्रार नाही, नातवंडांना ते आवडतं. पण आमच्याकडे खेड्यात नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळ्या आणि पेटी-तबल्यावर रात्र जागवणारी भजनं. आणि ख्रिस्ती घराचा खरा कस लागतो तो २६ डिसेंबरनंतर. त्या दिवसांबद्दल थोडं लिहिते.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. यजमानही शिक्षक, शिवाय तीस वर्षं चर्चमध्ये शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेत. गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जन्मभर बोलून पोट भरलेल्या माणसाला 'पाणी' हा शब्द सापडेना. दवाखान्यात पहिले आठ दिवस मला प्रार्थनाच करता आली नाही. डोळे मिटले की बिलाचे आकडे दिसायचे. नणंदबाई आल्या, खाटेशी बसून बायबलातलं ८८ वं स्तोत्र वाचलं आणि डबा ठेवून गेल्या. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत रडगाऱ्हाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शेवटी कुठेतरी उजाडतं. हे एक अंधारातच संपतं. मला त्या दिवशी तेवढंच झेपत होतं.

भेटायला आलेल्या एका बाहेरगावच्या प्रचारकाने मात्र "तुमचा विश्वास कमी पडतोय, बाई," असं ऐकवलं. मी चहा दिला आणि गप्प बसले. आता बोलते. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि पुढच्या एप्रिलात त्याही गेल्या. केडगावच्या त्यांच्या आश्रमात जाऊन त्यांचाही विश्वास मोजून आला असता का हा गृहस्थ?

असो. मुद्दा वेगळाच आहे.

आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना कधीच फार भक्तिभावाची नव्हती. भाकरी झाल्या की सगळ्यांनी बसायचं. एक भजन, शास्त्रातला एक उतारा, प्रभूची प्रार्थना. मुलं पेंगायची, दाराशी गाय हंबरायची, माझं अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. लोडशेडिंगच्या काळात कंदिलावर अक्षर लागत नसे, म्हणून बरंचसं पाठच होऊन गेलं. यजमान घरी आल्यावर महिनाभराने, निव्वळ सवयीने, मी नारायण वामन टिळकांचं एक भजन धरलं. दुसऱ्या ओळीला माझ्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. जडच, पण शब्दांसकट. मी थांबले तर तेही थांबले. पुन्हा धरलं, पुन्हा आले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, असं होतं. बोलणं गेलं तरी मुरलेलं गाणं पुष्कळदा शाबूत राहतं.

मुरलेलं, हा त्यांचाच शब्द. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आम्हाला अभंगात, ओवीत येशू दिला. इंग्रजी चालीवर बेतलेलं गीत आमच्या आज्या चर्चमध्ये म्हणत. जात्यावर आणि खुरपताना मात्र त्यांच्या तोंडी अभंगच यायचा. आता आमच्या चर्चमध्ये पडदा आलाय. हिंदी-इंग्रजी गाणी, जोरात, छान. 'उपासनासंगीत' हे आमचं मराठी भजनांचं पुस्तक कपाटात. मुलं पडद्याकडे बघून झकास गातात आणि वीज गेली की एकमेकांची तोंडं बघतात.

पाळकसाहेबांना आणि पंचांना विनंती एवढीच, की शब्बाथशाळेत महिन्याला एक मराठी भजन तोंडपाठ करून घ्या. बक्षीस म्हणून पेन्सिल द्या, चालेल. सूनबाई म्हणते, "आई, सगळं मोबाइलवर आहे." आहे ना. पण यजमानांना मोबाइल उघडायचा आकडा आठवत नाही, भजनाची पाचही कडवी आठवतात.

बोलणं अजून दोन-चार शब्दांपलीकडे गेलेलं नाही. रात्री मी दमलेली असते आणि कधी मुद्दाम एखादं कडवं गाळते. तेव्हा ते डाव्या हाताने चादरीवर थाप मारतात, वर्गात मारायचे तशीच, आणि मला मागे जावं लागतं.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर