तारा चढवण्याआधी एवढं वाच

परभणी,
१२ मे

प्रिय गड्या,

तुझं पत्र मिळालं. मनगटात अजून प्लेट आहे आणि तू गिटारीला नव्या तारा चढवायच्या म्हणतोस, हे वाचून आधी धस्स झालं, मग लई बरं वाटलं. अपघातानंतर गिटार खोळीतून बाहेर निघाली, यातच सगळं आलं.

तू विचारलंस, बॅटरीच्या स्क्रू ड्रायव्हरला वाइंडरचं, म्हणजे तारांच्या चाव्या फिरवायच्या दांड्याचं, टोपण लावून चाव्या फिरवल्या तर चालतील का? पूर्वी मी सरळ नाही म्हणालो असतो. तुझा हात डोळ्यांसमोर आणला की आता तसं म्हणवत नाही. चालतील, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. कामून, ते सांगतो.

तुझ्या गिटारीच्या चाव्या १४ ला १ च्या. चावीचे १४ फेरे होतात तेव्हा तार गुंडाळायचा खांब एकदा फिरतो. एका तारेला तीन वेढे धरले तर ४२ फेरे, सहा तारांचे अडीचशेच्या वर. जुन्या तारा सैल करायचे फेरे वेगळेच. एवढ्यानं चांगलं मनगट भरून येतं, तुझं तर मोडून जोडलेलं. तेव्हा तार ढिली आहे तोवर मशीन खुशाल वापर.

पुढचं मात्र मी भोगलंय. गेल्या उन्हाळ्यात क्लासच्या मुलांच्या गिटारी तारा बदलायला आल्या होत्या. बाहेर ४३ डिग्री, हात घामानं ओले, आणि मला घाई. ड्रिल घेतलं. पाच तारा झरझर चढल्या. शेवटची, सगळ्यात बारीक ‘ई’ तार, सुराच्या वर कधी गेली ते मला ऐकूच आलं नाही. मोटरच्या घरघरीत तिचा आवाज बुडून गेला. तार तुटली आणि गालावर ओरखडा काढून गेली. दोन बोटं वर लागली असती तर डोळा होता रे. वर टोपणाच्या कडेनं गिटारीच्या डोक्यावरचं पॉलिशही खरवडलं. ज्या पोराची गिटार होती त्यानं तिच्यासाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

नंतर बसून हिशेब केला. तार सुराजवळ आली की चावीचा एक फेरा तिला एक-दोन अर्धस्वर सहज वर नेतो. मिनिटाला २०० फेरे घेणारं मशीन एका सेकंदात तीन फेरे मारतं. बोट उचलेपर्यंत तार गेलेली असते. तुला वाटेल, टॉर्कची कडी, म्हणजे मशीनचा जोर ठरवणारी पुढची कडी, १ वर ठेवली की झालं. तीही इथं कामाची नाही. १२ गेजची, म्हणजे ०.०१२ इंच जाडीची, ती ई सुरात असताना साधारण १० किलोनं ताणलेली असते, पण गिअरमुळे चावीला जोर लागतो अगदी थोडा. कडी कट् करून सुटायच्या कितीतरी आधी तार तुटते. हातानं फिरवताना आपण एक फेरा घेतो, तार छेडतो, ऐकतो, मग पुढचा घेतो. हात कानाच्या चालीनं चालतो. मशीनला कान नाही, आणि ते आपलाही कान बंद करतं.

म्हणून असं कर. जुनी तार आधी हातानं पार ढिली कर, मगच पकडीनं काप. सहाही मिळून सत्तरेक किलोचा ताण असतो, ताणलेली तार कापायची नाही म्हणजे नाही. एक काढ, एक लाव. नवी तार खांबातून ओढल्यावर पुढच्या चावीपर्यंत पुरेल एवढीच ढिली सोड. जाड तारांना दोनच वेढे पुरतात, तेवढे फेरे वाचतात. मशीन सगळ्यात हळू ठेव, टोपणात कापडाचा तुकडा घाल, आणि तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत बसून सरळ झाली की मशीन खाली ठेव. उरलेले फेरे हाताच्या वाइंडरनं, डाव्या हातानं. त्याचा दांडा लांब असतो, म्हणून मनगट पिळावं लागत नाही, कोपरातून फिरतो. वेळ लागू दे.

आठवतं का, कृषी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर दोघांत एक गिटार होती? तार तुटली की कुणी औरंगाबादहून देवगिरीनं येणार असेल त्याला सांगायचं, आणि चार-चार दिवस पाच तारांवर वाजवायचं. वाइंडर वगैरे आपल्याला ठाऊकही नव्हतं. तू चिमटीनं चावी फिरवायचास आणि मी शेजारी तार छेडत ‘अजून, अजून, बस’ म्हणायचो.

माझ्याकडचा हातवाइंडर आणि १२ गेजचा एक सेट आज कुरिअरनं पाठवलाय. जाड चार तारा तू सावकाश लाव. बी आणि बारीक ई तशाच पाकिटात ठेव. पुढच्या रविवारी मी परळीमार्गे उदगीरला येतोय. चावी तू फिरव, तार मी छेडतो.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
हॉस्टेलचा जोडीदार