'छु' जागचा हलत नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आर्य भाषा म्हणजे कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद, एक पाहिली की सगळ्या पाहिल्या, असं तू पत्रात बिनधास्त ठोकून दिलंयस. तुझा एकट्याचा दोष नाही म्हणा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली वाक्यरचनेचे सार्वत्रिक नियम मांडले, तेव्हा त्यांच्या तीस भाषांच्या यादीत भारतीय आर्य भाषा एकच होती, हिंदी.

काश्मिरी घे. 'लडकु छु दोहय स्कूल गछान', म्हणजे मुलगा रोज शाळेत जातो. काळ दाखवणारं 'छु' दुसऱ्या जागी ठाण मांडून बसतं. 'दोहय' (रोज) पुढे आणलंस तर कर्ता मुकाट्याने मागे सरकतो, 'छु' हलत नाही. अगदी जर्मनसारखं. पण खरी गंमत पुढेच आहे. जर्मनमध्ये 'की' आला, की पोटवाक्यातलं क्रियापद शेवटी जातं. सिद्धान्तवाल्यांनी कारण दिलं, की वाक्याच्या तोंडाशी जागा एकच, ती 'की'ने अडवली म्हणून क्रियापद मागेच राहतं. उत्तर सुरेख आहे. काश्मिरीत मात्र 'की'च्या अर्थाचा 'ज़ि' आला तरी क्रियापद दुसऱ्याच जागी! म्हणजे 'ज़ि' आणि क्रियापद, दोघांना वेगळ्या जागा द्याव्या लागणार. वर 'जो-तो'च्या वाक्यात ते निमूट शेवटी जातं. कर आता काय करायचं ते.

कर्नाटकातल्या सारस्वतांच्या कोकणीबद्दल भाषाशास्त्रज्ञ मंगेश नाडकर्णी यांनी १९७५ साली लिहिलं, ते मला याहून आवडतं. 'खंचो म्हांतारो पेपर वाच्चत आस्स-की, तो डाक्टरु आस्स.' आपण 'जो म्हातारा पेपर वाचतोय, तो डॉक्टर आहे' असं म्हणू. इथे 'जो'च्या जागी चक्क 'कोणता', आणि उपवाक्याच्या शेपटाला 'की'. ही थेट कन्नडची घडण. कोकणीचं स्वतःचं 'जो-तो' होतंच, तिचं काही अडलं नव्हतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलता बोलता कन्नडचा साचा आत शिरला. भाषा गरजेपुरतंच उसनं घेते, असं म्हणणाऱ्यांची यावर पंचाईत होते.

मैथिलीचं थोडक्यात सांगतो. 'हम तोरा देखलियौ' म्हणजे मी तुला पाहिलं, 'हम हुनका देखलियनि' म्हणजे मी त्यांना पाहिलं. आपलं 'पाहिलं' दोन्हीकडे तेच राहतं. तिथे कर्ता तोच असूनही, कोणाला पाहिलं आणि त्याचा मान किती, हे क्रियापदच सांगतं. 'तुझा मुलगा' म्हटलंस, तर ते मुलाला सोडून 'तू'शीही जुळवून घेऊ शकतं! क्रियापद एका वेळी एकाशीच जुळतं, हे आपल्या शाळेच्या व्याकरणातलं सूत्र तिथे चालत नाही.

आता तुला गृहपाठ. 'त्याने आंबा खाल्ला', पण 'मी आंबा खाल्ला'. 'मी'ला 'ने' का नाही? हिंदीत तर 'मैंने' लागतंच. डोकं खाजव आणि लिही. 'सवय' हे उत्तर चालणार नाही.

तुझा,
अनिरुद्ध