घरट्यात कॅमेरा लावायचाय? मग पक्षी यायच्या आधी लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्याकडे वाचकांचे फोटो छापून येतात त्यात परवा घरट्यातल्या पिल्लांचा एक होता, चोची वासलेल्या, अगदी वीतभरावरून काढलेला. फोटो झकास, पण तो बघून माझं जुनं पाप आठवलं म्हणून लिहितोय.

आम्ही चिपळूणचे. घरामागच्या आंब्यावर दयाळ पक्ष्यासाठी लाकडी पेटी टांगलेली होती, एका वर्षी एप्रिलमध्ये जोडी आली, मादी गवत-मुळं नेताना दिसली आणि मला हुक्की आली की आत कॅमेरा पाहिजेच. शिडी लावून झाकण उघडलं तर आत चार अंडी, निळसर हिरवी, वर तपकिरी ठिपके. म्हटलं पाच मिनिटांचं काम, लागला पाऊण तास. मादी शेजारच्या फणसावर शेपटी वरखाली करत नुसती ओरडत होती आणि मी स्क्रू पिळत बसलोय. ती परत आलीच नाही. पुढचे दोन दिवस मोबाइलवर एचडी क्वालिटीत चार गार पडलेली अंडी बघितली, मग वायर काढून टाकली.

माणसाचा हात लागला की पक्षी घरटं टाकतो म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. घोळ होतो आपण तिथे रेंगाळतो त्याने, तेवढ्या वेळात अंडी गार होतात, शिवाय आपण सारखे कुठे जातोय हे कावळा आणि मांजर दोघंही बघत असतात. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी-घरटी डिस्टर्ब करणं येतं, हे तर मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

पुढच्या खेपेला दिवाळीनंतर रिकामी पेटी खाली काढली आणि सगळं घरात टेबलावर केलं. कॅमेरा झाकणाला आतून, खाली बघणारा. या छोट्या कॅमेऱ्यांचा फोकस लांबचा असतो, जवळचं सगळं धुरकट दिसतं, त्यामुळे लेन्सवरचा डिंक खरवडून ती थोडी थोडी फिरवावी लागते. पेटीच्या तळाला तुमचाच पेपर ठेवला होता, बारीक अक्षरं वाचता आली तेव्हा थांबलो. अंधारात दिसावं म्हणून लावायचे इन्फ्रारेड एलईडी ९४० नॅनोमीटरचे घेतले कारण ८५० वाल्यांचा अंधारात लालसर ठिपका दिसतो. मान फिरवणारा कॅमेरा नकोच, मोटर घरघरते. कॅमेऱ्याच्या निळ्या लाइटवर काळी टेप, वायरचं भोक एमसीलने बंद, नाहीतर मुंग्या आल्याच.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. टेस्टिंग चालू असताना रात्री लाइट गेली, दोनच्या सुमाराला आली आणि टेबलावरून बाई बोलली, 'कॅमेरा इज रेडी!' बायको ताडकन उठून बसली. हे घरट्यात झालं असतं तर? सकाळी पहिलं काम, स्पीकरची वायर कापली आणि राउटरचा मिनी यूपीएस कॅमेऱ्याला दिला (घरातलं वायफाय गेलं तर जाऊ दे).

जानेवारीत पेटी परत आंब्यावर गेली आणि मार्चमध्ये जोडी आली तेव्हा कॅमेरा त्यांच्या लेखी पेटीचाच भाग होता. मग काय, दिवसभर अळ्यांची ने-आण, आणि एक गंमत मी पहिल्यांदाच बघितली, पिल्लू खाऊन झालं की वळून बूड वर करतं, पांढरी पिशवीसारखी शी बाहेर येते आणि आई ती चोचीत धरून लगेच बाहेर नेऊन टाकते, घरटं स्वच्छच्या स्वच्छ.

पिल्लं दहा दिवसांची झाली तेव्हा पाऊस झाला आणि लेन्सवर बाष्प धरलं. मित्र म्हणाला, पटकन पुसून ये ना. नाही गेलो. पिल्लं मोठी झालेली असताना झाकण उघडलं तर पंखात बळ नसतानाच खाली उड्या टाकतात. त्यामुळे शेवटचे दिवस मी तीन करडे डाग बघितले आणि माइकवरून नुसता कलकलाट ऐकला. एका सकाळी डाग दोन, दहा वाजेपर्यंत एकही नाही. तरी शिडी पंधरा दिवसांनीच लावली.

तर विनंती एवढीच, असे फोटो छापताना पाठवणाऱ्याला विचारा की कॅमेरा कधी आणि कसा लावला होता, आणि ते फोटोखाली एका ओळीत छापा. उत्तर आलं नाही तर फोटो नाही छापला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, चिपळूण