बाय, बीपीची गोळी मी सोडणार नाही

फोंडा, गोवा

चि. बायस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ते बीपी आणि कोलेस्टेरॉल आता राहू दे बाजूला. आधी कॅन्सरचं बघू." तू मायेपोटी बोललीस, हे मला कळतं. पण तुझा गळा दाटून आला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहायला बसले. स्तनाचा कॅन्सर आणि रक्तवाहिन्यांचं दुखणं, हे दोन आजार माझ्या अंगात वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, बाय. कॅन्सरचं बघायचं असेल तर रक्तवाहिन्यांचंही आत्ताच बघायला हवं.

शाळेत मी मुलांना रक्तवाहिनी फळ्यावर नळीसारखी काढून दाखवायचे. पण त्या नळीला आतून एक जिवंत अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. एंडोथेलियम म्हणतात त्याला. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्त नको तिथे गोठत नाही. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ सालचं नोबेल मिळालं. वाढलेला दाब, साखर आणि तंबाखू हे अस्तर खराब करतात. कॅन्सरची कितीतरी औषधं आणि रेडिएशन यांचा मारही त्याच अस्तरावर बसतो. आपल्या कुळागरातले, माडा-पोफळींच्या बागेतले, पाट तू पाहिलेस ना? पाट ढासळला की पाणीही पोचत नाही आणि खतही नाही. माझ्या गाठीपर्यंत केमो जाते ती रक्तातूनच.

ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, देण्याआधी माझा इको काढला होता, आठवतं? तू विचारलंस, छातीतल्या गाठीला हृदयाची तपासणी कशाला? कारण त्या औषधाने हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो. जितकं औषध जास्त, तितका धोका जास्त, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. आणि ज्यांचा रक्तदाब आधीपासून चढा आहे त्यांना हा धोका अधिक. म्हणजे मी गोळी घेते ती केमोचंच ओझं हलकं करायला. एक मात्र खरं, उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं की दाब खाली उतरतो, आणि अशा वेळी डॉक्टर गोळी कमी करतात किंवा थांबवतात. ते त्यांनी ठरवायचं. मी नाही आणि तूही नाही.

आता रेडिएशनचं सांगते, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. माझी गाठ डाव्या बाजूची. हृदय तिच्या खालीच. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या दोन हजारांहून अधिक बायकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या बायका त्या. हृदयाला सरासरी एक ग्रे (हे किरणांचं माप) किरण जास्त लागले की हार्ट अटॅकसारख्या मोठ्या दुखण्याचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. हा परिणाम पहिल्या पाच वर्षांतच दिसू लागतो आणि वीस वर्षांपर्यंत तरी राहतो.

आकडा वाचून घाबरू नकोस, नीट वाच. ही वाढ मूळ धोक्यावर बसते. जिचा मूळ धोका थोडा, तिच्या पदरात त्या ७.४ टक्क्यांनी फारसं काही पडत नाही. जिच्या रक्तवाहिन्या आधीच चुन्यासारख्या कडक झाल्यात, तिला तेवढेच किरण जास्त महाग पडतात. रेडिएशन मी घेणारच. गाठ परत येऊ नये म्हणून त्याचा जो उपयोग आहे तो सोडण्याजोगा नाही. श्वास भरून धरायला शिकवतात तसा धरीन, म्हणजे छाती फुगते आणि हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. ते तंत्र तिथल्या लोकांच्या हातात. मूळ धोका कमी करणं मात्र माझ्या हातात आहे, आणि तू मला नेमकं तेच बाजूला ठेवायला सांगतेस.

आणखी एक. अमेरिकेत ६६ वर्षांवरच्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांचा पाठपुरावा केला होता. तो अभ्यास २०११ साली आला. त्या बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार निघालं, स्तनाचा कॅन्सर त्याच्या किंचित मागे. मला यात दिलासा दिसतो. एवढ्या बायका कॅन्सरमधून तरून पुढे जगतात. त्यांच्यासारखी मी तरले तर त्यानंतरची वर्षं मला हवी आहेत, धडधाकट हवी आहेत, आणि ती मला या गोळ्यांतूनच मिळायची आहेत.

रक्ताच्या गुठळ्यांचं तुला माहीत असायला हवं, कारण तिथे वेळ घालवून चालत नाही. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं. पॅरिसच्या आर्मां त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी १८६५ साली हे शिकवलं होतं. पुढे त्यांना स्वतःलाच तशी गुठळी झाली, त्यावरून त्यांनी आपल्या पोटातला कॅन्सर ओळखला, आणि १८६७ साली ते त्यातच गेले. ऑपरेशन, केमो, शिरेत घातलेली नळी, तासन्‌तास एका जागी बसणं, यांनी हा धोका आणखी वाढतो. पुढे टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी दिली तर तिनेही वाढतो. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावायचा. हे मी तुझ्या पप्पांना आणि शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय. तूही ध्यानात ठेव.

म्हणूनच तू म्हणतेस तशी रात्रीच्या बसने पुण्याला इतक्यात येणार नाही. रात्रभर पाय आखडून बसायचं आणि घाटात उलट्या, हे आत्ता नको. चवथीला तूच ये. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला यंदा माझे हात वर जाणार नाहीत, डाव्या काखेत अजून ओढ बसते.

खाण्यावरून तुझी मावशी रुसली आहे. तिने सुक्या बांगड्याची किसमूर पाठवली होती. केमोनंतर तोंडाला चव नसते तेव्हा खारट तेवढंच लागतं, हे तिचं बरोबर आहे. मी पेजेबरोबर तोंडी लावायला जराशी घेतली आणि बाकीची पप्पांनाही दिली नाही. रोज खारं आणि लोणचं घेतलं तर दाब कुठे जाईल? उकड्या तांदळाची पेज आणि मुगागाठी चालते मला. कोकम आणि लिंबाने चव येते, मीठ लागत नाही.

विश्रांती घे, विश्रांती घे, असं तू रोज सांगतेस. थकवा खरा आहे, आणि केमोनंतरचे पहिले काही दिवस मी पडूनच असते. नंतर मात्र देवळापर्यंत चालत जाते, हळूहळू. २०२५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. ऑपरेशन आणि केमो झाल्यावर ज्यांच्याकडून तीन वर्षं नेटाने व्यायाम करून घेतला, त्यांच्यातले आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते. ज्यांना नुसती माहितीची पुस्तिका दिली, त्यांच्यातले ८३ टक्के. माझा कॅन्सर तो नव्हे, हे मला समजतं. पण चालण्यावरून मला रागावू नकोस.

तू मागवलेली ती पावडर मी अजून उघडलेली नाही. डब्यावरचं सगळं लिहून काढलंय, बांबोळीच्या हॉस्पिटलात जाऊ तेव्हा डॉक्टरांना दाखवायचं. पुढच्या खेपेला तू सोबत असलीस तर बरं. मी तिथे अर्धं विसरते आणि पप्पा तर काहीच विचारत नाहीत. पुढचा इको कधी, दाब किती असावा, कोलेस्टेरॉलची गोळी केमोच्या औषधांबरोबर चालते का, हार्मोनची गोळी कुठली देणार, एवढं विचारून घे. घरी रोज मोजलेल्या दाबाची वही मी पिशवीत घालून ठेवते.

जावईबापूंना आणि लहानग्याला आशीर्वाद. तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
आई